घरी आभाळ फाटलं आणि साहेबाचा दौरा लागलाय: पीएनं काय करावं

हे लिहून राहिलो ते आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे आमदाराच्या, खासदाराच्या नाहीतर बाजार समितीच्या सभापतीच्या मागं बॅग आणि दोन फोन घेऊन फिरणाऱ्यांसाठी. सरकारी पगार मिळणारा पीए मतदारसंघात एखादाच असतो, बाकीचे सगळे 'भाऊचा माणूस', कागदावर कुठंच नाव नाही पण नंबर मात्र प्रत्येक गावात सेव्ह. विदर्भात विधानसभेच्याच ६२ जागा आहेत, त्यात हरलेल्यांची, इच्छुकांची माणसं धरली तर आपली जमात लय मोठी आहे.

आणि आपल्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी तो दिवस येतोच. बाबाला अटॅक येतो, बायकोची डिलिवरी अडते, धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, भांडणात भाऊ कोणाचं तरी डोकं फोडून बसतो, आणि नेमकी त्याच दिवशी साहेबाची सभा असते. मग पोरं विचारतात, साहेबाला सोडून जाऊ का नको जाऊ.

जायचं. यात विचारण्यासारखं काही नाही. सभा तुमच्यावाचून होते, मंडपवाला माईकवाला दोघांनाही जागा माहीत आहे. निष्ठेची परीक्षा निघताना होतच नाही, ती होते तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखान्याच्या काउंटरसमोर, बिल लाखात गेलेलं असतं, खिशात काही नसतं आणि मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "पैशाचं टेन्शन घेऊ नको ना बाप्पा, आम्ही कायले आहो." त्या हाताचं काय करायचं हे आधीपासून ठरलेलं पाहिजे, तिथं उभं राहून सुचत नाही. पण त्याच्याही आधी घरून नीट निघायला पाहिजे.

निघताना काय काय हातातून सोडायचं

पेशंट गाडीत बसेपर्यंत दुसरं काही करू नका. १०८ ला फोन लावा, ती फुकट आहे, ओळखीच्याची बोलेरो येऊन राहिली म्हणून वाट पाहत बसू नका. गाडी निघाली, पेशंटजवळ घरचं कोणी बसलं, की मग तुमच्या हाती वेळ असतो. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते, तेवढ्या रस्त्यात ऑफिसचं सगळं मार्गी लागते.

सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे सही करून ठेवलेले कोरे लेटरहेड. बहुतेक ऑफिसात असतात, कबूल कोणी करत नाही. साहेब मुंबईला गेले की कोणाचं शिफारसपत्र अडू नये म्हणून कपाटात काही पानं सह्या मारून ठेवलेली असतात आणि चावी तुमच्याकडं. तुम्ही आठ दिवस नागपुरात अडकले आणि त्यातलं एक पान कोणाच्या हाती लागलं तर त्याच्यावर बदलीची शिफारस निघेल, कामाची निघेल, काहीही निघेल, आणि विचारणा झाली की नाव तुमचंच येईल कारण चावी तुमच्याकडं होती. म्हणून चावी साहेबाच्या घरी पोचती करा, शक्यतो वहिनींच्या हातात, आणि किती पानं आहेत, शिक्का कुठं ठेवला आहे, हे साहेबाच्या पर्सनल नंबरवर लिहून टाका. पुतण्याकडं चावी देऊ नका. पुतण्या चांगलाच असतो हो, पण खुर्ची रिकामी दिसली की चांगल्या पुतण्यालाही बरंच काही सुचायला लागते.

दुसरी वस्तू फोन. साहेबाचं जे सिम तुमच्याजवळ असते त्याच्यावर लोकांचे फोन तर येतातच पण तिकिटाचे, बँकेचे, फेसबुक पेजचे ओटीपी पण येतात. तो फोन ड्रायव्हरच्या हाती साहेबाच्या गाडीत गेला पाहिजे, तुमच्यासोबत आयसीयूच्या दारात नाही. तिथं तुम्ही उचलणार नाही, लोक म्हणतील आमदार फोन उचलत नाही, आणि उचलला तर त्याहून वाईट, आतून डॉक्टर बोलावून राहिला आणि तुम्ही गावातली लाइटची डीपी जळाल्याची तक्रार ऐकून राहिले.

तिसरी वस्तू रोकड. मंडपवाल्याला द्यायचे, मयतीला पाठवायचे, कोणाच्या लग्नात आहेर म्हणून द्यायचे असे साहेबाचे थोडेफार पैसे आपल्याजवळ कायम असतात. ते त्याच दिवशी मोजून परत. दवाखान्यात तातडीनं लागले म्हणून त्यातून पाच हजार घेतले, मग टाकून देऊ, हे अजिबात करायचं नाही. साहेब काही म्हणणार नाही, उलट 'ठेव ना बे' म्हणेल, पण ऑफिसात बाकीचे चार जण असतात आणि त्यांना तेवढंच पाहिजे असते.

आणि शेवटचं म्हणजे शब्द. कोणाचा शेतात जायचा पांदण रस्ता अडला आहे, कोणाच्या घरकुलाचा हप्ता थांबला आहे हे तर डायरीत असते, पण कोणाला काय कबूल केलं आहे हे फक्त तुमच्या डोक्यात असते. जो मागं बसणार आहे त्याला मोठा व्हॉइस मेसेज टाका, गाव घेऊन, माणूस घेऊन, 'याला सोमवारी तहसीलदाराकडं नेतो म्हटलं होतं' असं सगळं. अधिवेशन चालू असेल तर लक्षवेधीचं आणि तारांकित प्रश्नांचं काय झालं, फाइल कोणाकडं, मेलचा पासवर्ड काय, हेही त्यातच. पाच-सात मिनिटांचा मेसेज होईल, होऊ द्या.

साहेबाला कसं सांगायचं

फोन करून. मेसेज नाही, ड्रायव्हरच्या तोंडून नाही, वहिनींकडून तर नाहीच. आणि लांबण लावायची नाही, आधी बातमी, मग किती दिवस, मग मागं कोण. म्हणजे असं: "भाऊ, बाबाले अटॅक आला, नागपूरले घेऊन चाललो. सोमवारपर्यंत तरी मी नाही. पुसदचा दौरा ड्रायव्हरले समजावून देला, चावी वहिनीजवळ देली." झालं. यात 'येऊ का', 'चालेल का', 'तुमची परवानगी असेल तर' असं काही नाही हे लक्षात आलं असेल. परवानगी मागितली की नाही म्हणायची जागा तयार होते, आणि गडबडीतला माणूस त्या जागेत काहीही बोलून जातो जे नंतर दोघांनाही टोचते.

समजा तरी साहेब म्हणाला, "संध्याकाळची सभा झाल्यावर जा ना." वाद घालू नका, 'इतके वर्ष केलं त्याचं हेच का' हे तर तोंडातून काढूच नका, फक्त म्हणा, "भाऊ, गाडी वर्ध्याच्या पुढं निघाली," आणि ठेवून द्या. माझ्या पाहण्यात चांगला नेता दोन तासात स्वतः फोन करतो आणि दवाखान्याच्या डीनला कोणाकडून तरी फोन करवतो. जो करत नाही त्याच्याबद्दल तुम्हाला एक गोष्ट समजली, पण ती गोष्ट आज वापरायची नाही, घरी जाऊन सावकाश वापरायची.

दवाखान्यात आधी कागद

गंमत अशी की आपण लोकांचे शेकड्यानं अर्ज भरून दिलेले असतात आणि स्वतःच्या बापाच्या वेळी सगळं विसरतो, डायरेक्ट मोठ्या प्रायव्हेटमध्ये नेऊन डिपॉझिट भरतो, कारण 'आमदाराच्या पीएचा बाप मेडिकलमध्ये, सरकारी दवाखान्यात, कसा न्यायचा'. ही खोटी इज्जतच पुढं त्या खांद्यावरच्या हाताजवळ घेऊन जाते. सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी मेघे, नागपूरचं मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, सुपर स्पेशालिटी, एवढं सगळं आपल्या टप्प्यात आहे. डॉक्टर म्हणेल तिथं न्या, फक्त आत जाताना एक प्रश्न विचारा, इथं महात्मा फुले योजना चालते का.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू आहे, वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. आपल्याकडं यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाण्यातल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावर सुद्धा आधीपासूनच होती. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या माणसाचा, काउंटर असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्यांदा तिथं जायचं, बिलिंगच्या काउंटरवर नंतर. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घ्यायची सोय आहे, कागद मागून देता येतात. भरलेले पैसे मागाहून योजनेतून तुमच्या हातात परत येत नाहीत, योजना दवाखान्यालाच देते, म्हणून भरायच्या आधीच विचारायचं. अडलं तर १५५३८८.

योजनेत न बसणारा आजार निघाला तर मुख्यमंत्री सहायता निधी. दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट, आणि पेशंट ॲडमिट असतानाचा जिओ टॅग केलेला फोटो. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार आहे, म्हणजे दाखला खराच काढा, तलाठी ओळखीचा आहे म्हणून कमी दाखवून घेऊ नका, तुमच्या नावाचा दाखला विरोधक पहिले पाहणार. पैसा दवाखान्याच्या खात्यात जातो, आणि अर्ज पेशंट भरती असतानाच करायचा, सुटी झाल्यावर धावपळ करून फायदा नाही. तिसरं म्हणजे ट्रस्टचे दवाखाने. धर्मादाय दवाखान्यांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. हे बोर्डावर लिहिलेलं असतेच असं नाही, विचारावं लागते, आणि आपला साहेब याच्यासाठी फोन करू शकतो, त्यात काहीच गैर नाही.

फवारणीची विषबाधा, साप, करंट, गाडीचा अपघात असं काही असेल तर दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, झाली का ते पाहून घ्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून आपल्याकडं हे सांगायची गरज पडू नये, तरी पडते. माणूस दगावला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख मिळतात, त्याचा प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुक्याला द्यावा लागतो, आणि तेव्हा हेच पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद लागतात.

एक मात्र करायचं नाही. साहेबाच्या नावावर आयसीयूतला बेड दुसऱ्याच्या आधी घ्यायचा नाही. मतदारसंघातला दुसरा कोणी त्याच कॉरिडॉरमध्ये चटई टाकून बसलेला असतोच, आणि 'पीएच्या बापाले भेटला, आमच्याले नाही भेटला' हे वाक्य गावात पोचलं की पुढच्या तीन निवडणुका तिथंच राहते.

खांद्यावरचा हात

आता मुद्द्यावर येऊ. योजना लागूनही खर्च होतो, बाहेरून औषधं, राहणं, खाणं, गाड्या, आणि कधी कधी योजनेत नसलेलं ऑपरेशन. कापूस अजून बोंडात असतो, सोयाबीन विकल्याचा चुकारा सोसायटीनं कर्जात कापून घेतलेला असतो. अशा वेळी येणारे लोक कोण ते नीट पाहा.

पहिला म्हणजे कंत्राटदार. तो वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही, खरंच मायेनं येतो, थर्मासमध्ये चहा घेऊन येतो, आईला पाया पडतो. जाताना म्हणतो, काउंटरवर बोलून ठेवलं. त्या वेळी तो काहीच मागत नाही, हीच त्याची हुशारी आहे. मागतो चार महिन्यांनी, आणि तेही लय छोटं असते: नियोजन समितीच्या यादीत त्याच्या गावचा रस्ता दोन नंबर वर, साहेबाच्या टेबलावर त्याची फाइल जरा आधी, दुसऱ्याचं निवेदन जरा मागं. तुम्ही नाही म्हणू शकत नाही कारण बाप जिवंत आहे तो त्याच्यामुळं असं घरात सगळे म्हणत असतात. साहेबाला कळतही नाही आणि तुम्ही दुसऱ्याचे झालेले असता. सभा सोडून गेला म्हणून कोणी बेइमान होत नाही, बेइमान इथं होतो.

आणि हे नुसतं मनाचं नाही, कायद्याचंही आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनं कलम ७अ आलं. सरकारी नोकर नसलेल्या माणसानं सुद्धा, आपलं वजन वापरून अधिकाऱ्याकडून काम करून देतो म्हणून स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कोणासाठी काही घेतलं तर तीन ते सात वर्षं. 'दुसऱ्या कोणासाठी' यात बापाचं बिल बसते. आपण पगारी नाही म्हणून आपल्याला काही होत नाही या भ्रमात अर्धा तालुका आहे.

करायचं काय तर, बिल परस्पर भरलं असं कळलं की त्याच दिवशी काउंटरवर जाऊन पावती मागा, कोणाच्या नावानं कितीचं भरलं ते पाहा. मग त्या माणसाला फोन करा आणि सरळ सांगा, "तुमचे उपकार मोठे हाये, पण हे पैसे मी उसने धरून राहिलो." आणि पुढच्या काही दिवसांत खात्यावरून परत करा, यूपीआयनं, चेकनं, पण खात्यावरूनच, रोख नाही. एकदम होत नसेल तर तुकड्या-तुकड्यानं करा, पण पहिला तुकडा लगेच गेला पाहिजे. आणि साहेबाला स्वतः सांगा, अमक्यानं इतके भरले होते, मी परत करून राहिलो. हे सांगायला जड जाते. पण साहेबाला ते दुसऱ्याकडून कळणारच आहे, ठेकेदार स्वतःच चार लोकांत सांगतो की पीएचं मीच पाहिलं.

मग पैसा आणायचा कुठून? बायकोच्या अंगावरचं सोनं बँकेत तारण ठेवा, व्याज कमी, कागद स्वच्छ, आणि सोनं परत येते. नातेवाईकांकडून घ्या, मित्रांकडून घ्या, वहीत लिहून घ्या. साहेबाकडून घ्यायला पण हरकत नाही, माझं यात लोकांपेक्षा वेगळं मत आहे, लोक म्हणतात साहेबाकडं हात पसरू नये. कायले पसरू नये? दिवाळी-दसरा न पाहता तुम्ही राबले आहात, सरळ सांगा भाऊ एवढे लागून राहिले, उसने द्या, आणि तारीख टाकून लिहून ठेवा. उघड घेतलेली मदत बांधत नाही, लपून घेतलेली बांधते. सावकाराकडं मात्र नाही, आणि दवाखान्यात बसून वावराची इसारचिठ्ठी, म्हणजे शेत विकायचा करार, तर कोणासोबतच नाही. प्लॉटिंगवाले अशा वेळी बरोबर वास काढत येतात, 'सही करून दे, पैसे आत्ता घे', आणि रस्त्याला लागून असलेलं वावर अर्ध्या भावात जाते. विकायचंच असेल तर घरी जाऊन, चार भाऊबंद बसवून.

विरोधी नेता भेटायला आला तर

येणारच. आपल्याकडं दुखण्याला आणि मयतीला पक्ष नसतो, आणि तसंच असलं पाहिजे. त्याला थांबवू नका, आपल्या साहेबाच्या भीतीनं तोंड लपवू नका. बसवा, चहा द्या, बाबाजवळ न्या, बाबाची आणि त्याची जुनी ओळख असेल तर बोलू द्या. फक्त तीन गोष्टी सांभाळा. फोटो काढू द्यायचा नाही, त्याच्यासोबत एक पोट्टा मोबाईल घेऊन असतोच, त्याला हात जोडून सांगा पेशंटजवळ फोटो नको. पाकीट उशीखाली ठेवलं तर त्याच्यासमोरच उचलून परत हातात द्या, नंतर माणूस पाठवून नाही, कारण नंतर परत केलेलं पाकीट कोणी पाहत नाही, ठेवलेलं सगळे पाहतात. आणि तो लिफ्टमध्ये शिरला की पहिला फोन आपल्या साहेबाला: "भाऊ, ते येऊन गेले, बाबाले भेटले." तुमच्याकडून पहिले कळलं तर साहेब 'बरं केलं' म्हणतो. फोटोवरून कळलं तर म्हणत काहीच नाही, पण पुढच्या मीटिंगला तुम्हाला आत बोलावत नाही.

निवडणूक चालू असेल तर

इथं थोडं सांभाळून, कारण इथं तुमच्या गैरहजेरीनं साहेबाची सीट अडचणीत येऊ शकते. खर्चाचं रजिस्टर तुमच्याकडं असेल तर ते प्रचाराच्या काळात किमान तीन वेळा तपासणीला न्यावं लागते, आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब द्यावा लागतो, नाही दिला तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता. विधानसभेची मर्यादा ४० लाख आहे हे सगळ्यांना पाठ असते, पण १० हजारांच्या वरचं पेमेंट रोख करता येत नाही हे नवीन पोराला माहीत नसते, तुमच्या मागं बसून तो मंडपवाल्याला पंधरा हजार रोख देऊन मोकळा होईल. त्याला सांगून जा. २०२४ ला आठवत असेल, २३ नोव्हेंबरला निकाल, १६ डिसेंबरला नागपूरचं अधिवेशन सुरू, आणि त्याच ३० दिवसांत हिशोब, वरून कापूस वेचणीला. अशात घरी काही झालं तर रजिस्टर आणि बिलांची फाइल उमेदवाराच्या सीएकडं पोचती करायची, कार्यकर्त्याकडं नाही.

तुम्ही स्वतः निवडणूक प्रतिनिधी असाल तर साहेबाला नमुना ९ भरून तुमची नेमणूक रद्द करून दुसरा नेमायला सांगा, हे अपमानाचं नाही, बूथवरच्या पोलिंग एजंटांच्या नमुना १० वर सही करायला माणूस जागेवर पाहिजे. उमेदवार स्वतःही करू शकतो, पण मतदानाच्या आदल्या रात्री त्याच्या मागं तीनशे फॉर्म घेऊन पळायचं कोणी?

आणि आचारसंहितेत दवाखान्याचे पैसे घेऊन जाताना लय जपून. पक्षाच्या माणसाच्या गाडीत ५० हजारांच्या वर रोकड सापडली की भरारी पथक जप्त करू शकते, बाप दवाखान्यात आहे म्हटलं तर सगळेच म्हणतात तसं. पक्षाचा दुपट्टा, पॉम्प्लेट गाडीत ठेवून निघूच नका. पैसे ऑनलाइन भरा, रोखच न्यायचे असतील तर बँकेतून काढल्याची स्लिप आणि दवाखान्याचं अंदाजपत्रक सोबत ठेवा. जप्त झालेच तर जिल्ह्याला समिती असते, तिथं हेच कागद दाखवून सुटतात.

घरचा भाऊ पोलीस ठाण्यात असेल तर

थोडक्यात सांगतो. ठाणेदाराला साहेबाच्या नावानं फोन करायचा नाही, साहेबाच्या फोनवरून तर नाहीच. वकील करा. अटक झाली असेल तर २४ तासांत कोर्टासमोर न्यावंच लागते, तोपर्यंत भावाला कपडे, औषध पोचवा आणि समोरच्या पार्टीच्या जखमी माणसाला दवाखान्यात भेटून या, बाकी कशापेक्षा हे जास्त कामी येते. समोरची पार्टी पण तुमच्याच साहेबाची मतदार आहे. तुम्ही दबाव टाकला तर साहेबाला दोघांतून एक निवडावं लागेल, त्याच्यावर ती वेळ आणायची नाही.

घरचे काय म्हणतात

बायको म्हणेल, इतके वर्ष मरमर केली, काय केलं भाऊनं तुमच्यासाठी. ती खोटं बोलत नाही, म्हणून तिला उत्तर देत बसू नका. तिला फक्त पैशाचा हिशोब दाखवा, कोणाचे किती घेतले, कोणाचे परत केले. कारण कंत्राटदाराचे पैसे परत करायच्या वेळी सगळ्यात जास्त विरोध घरातूनच होतो, 'तो मागून राहिला का, मग कायले देता'. तेव्हा तिला आधीपासून माहीत असेल तर बरं जाते. भाऊ, मेव्हणे यांनाही सांगून ठेवा की दवाखान्यात कोणाकडून काही घ्यायचं नाही, कारण लोक तुम्हाला टाळून त्यांच्याच हातात देतात.

परत आल्यावर

बाबा घरी आले, किंवा तेरवी झाली, तरी लगेच दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बसू नका. आधी साहेबाला घरी एकटं भेटा, सकाळी, गर्दी व्हायच्या आधी. किती खर्च झाला, कुठून आला, कोणाचं देणं आहे, हे पाच मिनिटांत सांगा. मग वहिनींकडून चावी मागा, कपाट उघडा, लेटरहेड मोजा, तुम्ही लिहून टाकला होता तो आकडा जुळतो का पाहा. जुळत नसेल तर तिथंच, त्याच मिनिटाला साहेबाला दाखवा, संध्याकाळी नाही. आणि चावी मागितल्यावर 'पाहू ना, आराम कर अजून थोडा' असं आलं तर समजा कोणीतरी बसलं आहे तिथं. दुसऱ्यांदा मागू नका. फोन, फाइल, पासवर्ड जे काही अजून तुमच्याकडं राहिलं असेल ते यादी करून साहेबाच्या हातात द्या, यादीच्या खाली त्याची सही घ्या, आणि तालुक्याला सेतू केंद्राचं किंवा कृषी केंद्राचं काम कुठं सुरू होते का ते विचारायला लागा, अर्ज भरायचा तुमच्याएवढा सराव तिथल्या कोणालाच नसतो.